संगणक येतील, पण खोलीचे काय?

मराठी भाषेत गेल्या दहा-पंधरा वर्षांत एका नव्या वाक्प्रचाराची भर पडली आहे. ‘सर्व्हर डाउन आहे’ हा तो वाक्प्रचार. सातबाऱ्याचा उतारा, जातीचा दाखला, शिष्यवृत्तीचा अर्ज, रेशन दुकानातला अंगठा, यांपैकी कोणत्याही कामासाठी खिडकीपाशी उभ्या राहिलेल्या माणसाला तो केव्हा ना केव्हा ऐकावा लागतो, आणि ऐकल्यावर तो माणूस निमूटपणे मागे फिरतो. शहापूर-मुरबाडकडच्या एखाद्या पाड्यावरून आलेल्या माणसाची त्यात दिवसाची मजुरी बुडते आणि एसटीचे भाडे वाया जाते. पूर्वी अशा वेळी ‘साहेब दौऱ्यावर आहेत’ असे सांगण्याची पद्धत होती. साहेब निदान दौऱ्यावरून परत येत आणि त्यांच्या नावाने अर्ज तरी करता येत असे. सर्व्हरच्या नावाने अर्ज करता येत नाही. पावसाने ओढ दिली तर जसे कोणालाच बोल लावता येत नाही, तसेच काहीसे या यंत्राविषयी लोकांनी मनाशी ठरवून टाकले आहे.

हे ठरवणे बरोबर नाही. यंत्र बंद पडते त्यामागे काही दैवी कोप नसतो. कित्येकदा दोष यंत्राचा नसतो आणि त्यातल्या आज्ञावलीचाही नसतो. तो असतो ज्या खोलीत यंत्र ठेवले आहे त्या खोलीचा: तिथल्या विजेचा, हवेचा, छपराचा, जमिनीत पुरलेल्या अर्थिंगचा आणि दाराच्या किल्लीचा. संगणक खरेदी करण्याचा ठराव सभेत टाळ्यांच्या गजरात मंजूर होतो. खोलीचा ठराव मात्र सहसा कोणी मांडतच नाही, कारण खोलीचे उद्घाटन करता येत नाही.

हे पूर्वी असे नव्हते. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत ‘टिफ्रॅक’ हा संगणक १९६० साली कार्यान्वित झाला आणि १९६२ साली पंडित नेहरूंनी त्याचे नामकरण केले, तेव्हा त्या यंत्रात सुमारे २,७०० निर्वात नलिका होत्या. एवढ्या नलिका एका सांगाड्यात पेटत्या ठेवावयाच्या म्हणजे उष्णता बाहेर काढण्याची व्यवस्था हा यंत्राच्या रचनेचाच भाग मानावा लागे. पुढे १९६४ मध्ये याच संस्थेत सीडीसी-३६०० हे अमेरिकन बनावटीचे मोठे यंत्र आले आणि देशभरातील संशोधक आपली गणिते घेऊन कुलाब्याची वाट धरू लागले. त्या काळी यंत्राची किंमत इतकी अवाढव्य आणि परकीय चलन इतके दुर्मिळ होते की, यंत्र येण्यापूर्वी खोली तयार असलीच पाहिजे याविषयी कोणाचे दुमत नसे. उचललेली फरशी, तिच्या खालून जाणारी थंड हवा, वेगळी वीजवाहिनी, आर्द्रतेची नोंद ठेवणारे उपकरण, हे सारे आराखड्यात आधी येई आणि यंत्र मागाहून येई.

मग यंत्र लहान झाले, स्वस्त झाले, टेबलावर बसू लागले आणि खोलीचा विचार मागे पडला. टेबलावर मावते ते पंख्याखालीही चालते, अशी एक समजूत रूढ झाली. एकट्या-दुकट्या यंत्राच्या बाबतीत ती खरीही आहे. पण एका खोलीत तीस यंत्रे मांडली आणि कोपऱ्यातल्या कपाटात दिवसरात्र चालणारा सर्व्हर ठेवला, की ती खोली पुन्हा जुन्या अर्थाने यंत्रकक्ष होते. या गोष्टीची जाणीव संस्थांना सहसा पहिल्या एप्रिलमध्ये होते.

वाशिंदसारख्या ठिकाणाचे उदाहरण घ्यावे. मध्य रेल्वेच्या कसारा मार्गावरचे, खडवली आणि आसनगाव यांच्या मधले हे गाव भातसा नदीच्या काठी वसलेले आहे. पत्ता ग्रामीण ठाण्याचा असला तरी येथील चाकरमान्यांचा दिवस मुंबई-ठाण्याच्या घड्याळावर चालतो. मुलांना संगणक शिकवला पाहिजे याविषयी येथील पालकांना कोणी उपदेश करण्याची गरज नाही. अशा परिसरातील एखादी शाळा किंवा महाविद्यालय संगणक कक्ष उभारते तेव्हा काय घडते? अनुदान किंवा देणगी येते ती यंत्रांसाठी. रिकामी असेल ती खोली दिली जाते, आणि रिकामी खोली बहुधा रिकामी असण्याला कारण असते. ती पश्चिमेकडची असते, पत्र्याच्या छपराखाली असते किंवा पावसाळ्यात तिच्या भिंतीला ओल येते. एका जुन्या वीजजोडणीवरून तीस यंत्रांना तारा ओढल्या जातात. दीड टनाचे एक वातानुकूलन यंत्र बसवले जाते आणि काम पूर्ण झाल्याचा दाखला दिला जातो.

येथे थोडे अंकगणित केल्यावाचून पुढे जाता येत नाही, आणि ते सातवीच्या विद्यार्थ्यालाही जमण्यासारखे आहे. संगणक जेवढी वीज घेतो, ती सगळी अखेर उष्णता होऊन खोलीत उतरते. एका यंत्राचे शंभर-सव्वाशे वॅट धरले तर तीस यंत्रांचे साडेतीन किलोवॅट झाले. त्यांच्यासमोर तीस मुले बसली. बसलेला माणूस सुमारे शंभर वॅट उष्णता टाकतो, म्हणजे आणखी तीन किलोवॅट. छपरातून आणि पश्चिमेच्या भिंतीतून येणारे ऊन अद्याप धरलेलेच नाही. वातानुकूलनाचा एक टन म्हणजे साडेतीन किलोवॅट उष्णता बाहेर काढण्याची शक्ती. दीड टनाच्या यंत्राला सव्वापाच किलोवॅटपलीकडे झेपत नाही, आणि भार साडेसहाच्या वर आहे. यंत्र अहोरात्र धापा टाकते, त्याची नळी तुंबते, पाणी खाली ठिबकते, आणि खाली बहुतेक वेळा सर्व्हरचे कपाटच असते. वातानुकूलन यंत्राच्या नेमके खाली कपाट ठेवण्याची ही प्रथा कोठून आली कोण जाणे. ती मात्र सर्वदूर दिसते.

दुसरी गोष्ट किल्लीची. पाच वाजता कचेरी बंद होते, शिपाई दिवे आणि वातानुकूलन बंद करून कुलूप लावतो. शिस्तीच्या आणि काटकसरीच्या दृष्टीने त्याचे वागणे निर्दोष आहे. फक्त कपाटातला सर्व्हर रात्रभर चालू असतो आणि बंद खोलीत भाजत राहतो. ‘तो बंद करावयाचा नसतो आणि तो चालू आहे तोवर हवाही बंद करावयाची नसते’ हे त्या शिपायास कोणी सांगितलेले नसते. यावर उपायही फार खर्चाचा नाही. सर्व्हरसाठी कोपऱ्यात आडोसा करून एक छोटे स्वतंत्र वातानुकूलन द्यावे म्हणजे तीस यंत्रांची खोली रात्री खुशाल बंद ठेवता येते. तापमान अठरा अंशांवर ठेवून कारकुनांना शाली पांघरावयास लावण्याचीही गरज नाही. यंत्रात शिरणारी हवा सत्तावीस अंशांपर्यंत असली तरी चालते, असे या विषयातील आंतरराष्ट्रीय मानकच सांगते. गरज आहे ती यंत्राच्या पाठीमागून निघणारी तापलेली हवा पुन्हा त्याच्याच तोंडाशी येऊ न देण्याची.

तिसरी गोष्ट बॅटऱ्यांची. वीज गेल्यावर यंत्रे चालू ठेवणाऱ्या यूपीएसच्या सीलबंद बॅटऱ्यांचे आयुष्य पंचवीस अंश तापमान धरून सांगितलेले असते. तापमान आणखी दहा अंशांनी वाढले की ते आयुष्य साधारण निम्म्यावर येते. पाच वर्षांची म्हणून घेतलेली बॅटरी जिन्याखालच्या कोंदट कोनाड्यात अडीच वर्षांत निकामी होते. बरे, ती निकामी झाल्याचे कळते केव्हा? परीक्षेच्या दिवशी वीज जाते तेव्हा. मध्यंतरी तिची परीक्षा कोणी घेतलेली नसते.

आणि अर्थिंग. सह्याद्रीच्या पायथ्याचा हा सारा भाग काळ्या कातळाचा आणि मुरुमाचा आहे. पावसाळ्यात ओल असते तोपर्यंत जमीन वीज वाहून नेते. मार्च उलटला की खड्डा कोरडा पडतो आणि अर्थिंग नावापुरते उरते. नेमक्या त्यानंतरच्या मे महिन्यात वळवाचे ढग येतात आणि विजा कडाडू लागतात. ज्या शाळेत अर्थिंगच्या खड्ड्यात उन्हाळ्यात आठवड्याला दोन घागरी पाणी ओतण्याची नोंद कोणाच्या तरी कामात आहे, तिची यंत्रे टिकतात. ज्या तालुक्यात प्यावयाच्या घागरीसाठी मैलभर चालावे लागते, तेथे या दोन घागरींचा आग्रह धरणे जड जाते हेही खरे आहे. त्या पाण्याच्या प्रश्नाकडे पुढे यावेच लागेल.

हा विषय लहान संस्थांपुरता नाही. २०१७ साली मुंबई विद्यापीठाने उत्तरपत्रिका संगणकाच्या पडद्यावर तपासण्याची पद्धत एकदम सर्व परीक्षांना लागू केली. सतरा लाखांच्या घरातील उत्तरपत्रिका स्कॅन करावयाच्या, त्या महाविद्यालयांतील केंद्रांपर्यंत पोहोचवावयाच्या आणि प्राध्यापकांनी त्या तेथे तपासावयाच्या, अशी ही योजना होती. पद्धत मुळात वाईट नव्हती. पण एवढा भार एकाच वेळी सर्व्हर, जोडण्या, केंद्रांतील यंत्रे आणि माणसे यांना पेलेल काय, याची चाचणी आधी लहान प्रमाणावर झाली नाही. कुलपतींनी दिलेली ३१ जुलैची मुदत टळली, निकाल महिनोन्‌महिने रखडले, इतर विद्यापीठांतील प्राध्यापकांचे साहाय्य घ्यावे लागले आणि ऑक्टोबरमध्ये कुलगुरूंना पदावरून दूर करण्यात आले. शहापूर-मुरबाडची महाविद्यालये याच विद्यापीठाला जोडलेली आहेत. ज्या विद्यार्थ्याला पुढील प्रवेशासाठी निकालपत्र हवे होते, त्याचे वर्ष टांगणीला लागले. कुलगुरू गेले म्हणून ते वर्ष भरून निघाले नाही.

विजेची गोष्ट तर वाशिंदच्या दाराशीच घडलेली आहे. १२ ऑक्टोबर २०२० रोजी सकाळी मुंबई, ठाणे आणि नवी मुंबईचा वीजपुरवठा एकाएकी बंद पडला. लोकलगाड्या जागच्या जागी थांबल्या, परीक्षा पुढे ढकलाव्या लागल्या. कळवा आणि पडघा यांच्या दरम्यानच्या ४०० केव्ही पारेषण व्यवस्थेतील एक मंडल देखभालीसाठी बंद होते, त्याचा भार दुसऱ्यावर होता आणि त्या दुसऱ्यात बिघाड झाला, असे ऊर्जामंत्र्यांनी त्या वेळी सांगितले. हे पडघा म्हणजे वाशिंदचा शेजारच. यंत्रकक्षाची आखणी करणाऱ्याने या प्रसंगातून एकच गोष्ट टिपून ठेवावी: मुंबईजवळ पर्यायी वाहिनी होती, फक्त त्या दिवशी ती दुरुस्तीला होती. ‘आमच्याकडे दोन यूपीएस आहेत’ असे अभिमानाने सांगणाऱ्या संस्थेला विचारावे की, त्यांतील एक दुरुस्तीला उघडले असताना दुसरे गेले तर काय करावयाचे हे कागदावर कोठे लिहिलेले आहे काय?

जुने काढून नवे बसवण्याचा काळ हा सर्वांत धोक्याचा. दक्षिण कोरियासारख्या या शास्त्रात पुढारलेल्या देशानेही याचा अनुभव घेतला. २६ सप्टेंबर २०२५ रोजी तेथील देजॉन शहरातील सरकारी माहिती केंद्रात यूपीएसच्या लिथियम बॅटऱ्या हलवण्याचे काम चालू असताना आग लागली. त्या बॅटऱ्या यंत्रकक्षापासून दूर नेण्यासाठी, म्हणजे सुरक्षिततेसाठीच हलवल्या जात होत्या. सहाशेंहून अधिक सरकारी सेवा बंद पडल्या; आणि सरकारी नोकरांच्या फायली ज्या एका मोठ्या साठ्यात ठेवल्या होत्या त्याची दुसरीकडे प्रतच नसल्याने तो साठा कायमचा गेला. महाराष्ट्राने २१ जून २०१२ रोजी मंत्रालयाची आग पाहिली. पाच माणसे त्यात दगावली आणि वरच्या मजल्यांवरील फायलींच्या राशी जळून गेल्या. कागद असो की चकती, ज्याची प्रत दुसऱ्या इमारतीत नाही ते आगीच्या दृष्टीने सारखेच. तालुक्याच्या शाळेतही हा नियम बदलत नाही. विद्यार्थ्यांच्या गुणांच्या नोंदी एकाच यंत्रात आणि त्यांची प्रत त्याच यंत्रावर ठेवलेल्या पेटीत, ही व्यवस्था म्हणजे प्रत ठेवल्याचे समाधान फक्त.

आता पाणी. हा भाग या तालुक्याच्या दृष्टीने सर्वांत मोठा आहे आणि त्याची चर्चा सर्वांत कमी होते. मुंबई आणि नवी मुंबईच्या परिसरात, ऐरोली, महापे, पनवेल अशा ठिकाणी प्रचंड माहिती केंद्रे उभी राहिली आहेत आणि राज्य शासनाचे धोरण त्यांना सवलती देऊन बोलावण्याचे आहे. जमीन, वीज आणि रस्ते या तीन गोष्टी पाहून हे उद्योग जागा निवडतात. मुंबई-नाशिक महामार्ग वाशिंदवरून जातो. समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा अखेरचा टप्पा जून २०२५ मध्ये खुला झाला आणि तो याच तालुक्यातून उतरतो. पडघ्याचे मोठे वीजकेंद्र जवळ आहे. तेव्हा आज ना उद्या अशा केंद्रांची दृष्टी इकडे वळणे अशक्य नाही. रोजगार येईल म्हणून त्यांचे स्वागतही होईल. पण माहिती केंद्रात जेवढा पैसा लागतो त्या मानाने माणसे फार थोडी लागतात, हे आधीच समजून घेतलेले बरे.

या केंद्रांच्या शीतकरणाची एक रीत पाण्याच्या बाष्पीभवनाची आहे. मातीच्या माठातले पाणी ज्या नियमाने गार होते, तोच नियम येथे मोठ्या मनोऱ्यांत वापरतात. एक युनिट विजेची उष्णता बाष्पीभवनाने घालवावयाची तर सुमारे दीड लिटर पाणी वाफ होऊन जाते. एक मेगावॅटचे केंद्र दिवसाला २४,००० युनिट वापरते, म्हणजे ३६,००० लिटर पाणी; दहा हजार लिटरचे साडेतीन टँकर. दहा मेगावॅटचे केंद्र घेतले, आणि आजच्या मानाने ते मोठे नव्हे, तर दिवसाला ३ लाख ६० हजार लिटर. जलजीवन मिशनच्या दरडोई ५५ लिटरच्या हिशेबाने हे साडेसहा हजार माणसांचे पाणी झाले. क्षार साचू नयेत म्हणून मनोऱ्यातून जे पाणी सोडून द्यावे लागते ते यात धरलेले नाही.

आणि हे पाणी कोठले? तानसा धरण १८९२ चे. त्यानंतर मोडकसागर झाले, भातसा झाले, २०१४ मध्ये मध्य वैतरणा झाले. मुंबईचे जवळपास निम्मे पाणी एकट्या भातसातून जाते. ज्यांच्या शिवारातून या जलवाहिन्या गेल्या, त्या शहापूर तालुक्यातील गावपाड्यांवर दरवर्षी उन्हाळ्यात टँकर फिरतात आणि बायाबापड्या हंडे मांडून त्यांची वाट पाहतात. धरणांच्या तालुक्याची तहान भागवण्यासाठी शेजारच्या इगतपुरीतील भावली धरणातून नळ आणण्याची योजना आखावी लागली, यापरता विरोधाभास तो कोणता? अशा ठिकाणी संगणकाला पिण्याचे पाणी देणे कोणत्याही नियोजनात बसत नाही.

याचा अर्थ माहिती केंद्रे नकोत असा कोणी करू नये. पुण्याच्या उष्णप्रदेशीय हवामान संस्थेत २०१८ साली ‘प्रत्यूष’ हा महासंगणक बसवला गेला आणि २०२४ मध्ये त्याहून जवळपास तिप्पट शक्तीचा ‘अर्का’ आला. मुरबाडच्या भातशेतकऱ्याला पावसाचा जो अंदाज मिळतो त्यामागे अशाच यंत्रकक्षांची गणिते असतात. त्यांच्यावाचून यापुढे चालणार नाही. प्रश्न अटींचा आहे. पाण्यावाचून, केवळ हवेने किंवा बंद नळीतून फिरणाऱ्या द्रवाने उष्णता बाहेर टाकणारी केंद्रे बांधता येतात. हवेवर भागवावयाचे तर त्यांना वीज थोडी अधिक लागते, म्हणून उद्योजक बाष्पीभवनाकडे झुकतात. पाणी त्यांना स्वस्त पडते एवढेच त्याचे कारण. ते स्वस्त राहू नये, हे शासनाच्या हाती आहे. कल्याण-ठाण्यासारख्या शहरांचे सांडपाणी शुद्ध करून या कामी देता येते. आणि परवाना देतानाच, केंद्राने दरमहा किती वीज व किती पाणी वापरले ते ग्रामपंचायतीच्या फलकावर लावले पाहिजे, ही अट घालता येते. एवढ्या साध्या अटीला जो नकार देईल त्याच्याविषयी ग्रामसभेने काय ते समजावे.

शाळा-महाविद्यालयांच्या आणि कचेऱ्यांच्या बाबतीत मात्र शासनाची वाट पाहण्याचेही कारण नाही. यंत्रांसाठी जेवढी रक्कम मंजूर होईल तिच्यातील ठरावीक वाटा वीज, हवा आणि छपर यांसाठी वेगळा काढल्यावाचून खरेदीचा ठराव करू नये, असे व्यवस्थापक मंडळ आपल्या अधिकारात ठरवू शकते. दोन यंत्रे कमी आली तरी चालेल. एक नोंदवही ठेवावी: बॅटऱ्या कोणत्या तारखेला बसवल्या, शेवटची चाचणी केव्हा घेतली, त्या किती मिनिटे टिकल्या, अर्थिंग केव्हा मोजले, प्रत कोणाच्या घरी किंवा कोणत्या शाखेत आहे. हे काम अभियंत्याचे नव्हे. ज्याचे अक्षर चांगले आणि स्वभाव चिकट अशा कोणत्याही कारकुनाचे आहे. त्याला त्यासाठी आठवड्याचा एक तास अधिकृतपणे द्यावा, नाही तर ते काम त्याच्या इतर बारा कामांत बुडून जाईल. जुने बदलून नवे बसवावयाचे असेल तर नवे चालू होऊन एक महिना लोटेपर्यंत जुने भंगारात काढू नये. आणि ही सारी कामे मे महिन्यातच उरकावी लागतात. शाळेला सुट्टी असते, कातळ कोरडा असल्याने अर्थिंगची खरी परीक्षा तेव्हाच होते, आणि छपराची गळती शोधावयास भातसेच्या खोऱ्यात जूननंतर कोणाला सवड मिळत नाही.